गुलाबी बाटल्या आणि गावंडे मॅडम

गावंडे मॅडम सकाळी प्रयोगशाळेत आल्या की पर्स ठेवायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उघडून हुंगायच्या. डिस्टिल्ड वॉटरला वास नसतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. वास नाही याचीच त्या रोज खात्री करून घेत. मग काट्यावर स्वतःजवळचं एक पितळी वजन ठेवून काटा खरं सांगतो का ते बघत, मग फ्रीजचं तापमान, मग खिडक्यांच्या कड्या, आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे, म्हणजे विद्यार्थ्यांकडे. कॅनकडे बघतानाची नजर आणि आमच्याकडे बघतानाची नजर यांत मला कधी फरक करता आला नाही.

अकोल्याच्या एका कॉलेजात त्या मृदाशास्त्र शिकवत. मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव हा त्यांचा विषय. माहेर, सासर दोन्ही वलगावचं, स्वतःचं पंधरा एकर काळं वावर, आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी. वर्गात इंग्रजी पुस्तक हातात धरून त्या वऱ्हाडीतून शिकवायच्या आणि कुणी गालातल्या गालात हसलं तर त्यालाच उठवून प्रश्न विचारायच्या. मी अमरावतीची. वडील वकील, त्यामुळे संशय हा आमच्या घरचा धंदाच होता. पण तो संध्याकाळी काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगला जायचा. मॅडमचा कोट अंगातून निघतच नव्हता.

पीएच.डी.साठी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी माझी एम.एस्सी.ची मार्कशीट खिडकीच्या उजेडात धरून बघितली. मार्क चांगले होते. त्याचाच त्यांना संशय आला. एवढे मार्क कसे पडले, पेपर सोपा होता की तपासणारा, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं. मला रागही आला आणि गंमतही वाटली. वडिलांच्या तालमीत तयार झालेली मी, म्हणाले, तपासणारा कोण होता ते मला माहीत नाही, तुम्ही शोधून काढा. त्या पहिल्यांदा हसल्या. त्या दिवसापासून मी ‘वकिलाची पोट्टी’ झाले, आणि जठारपेठेत खोली घेऊन अकोल्याची झाले.

त्यांची काही वाक्यं विभागात ठरलेली होती. निष्कर्ष घेऊन कुणी केबिनमध्ये गेलं की पहिला प्रश्न, “तुनं सोता पायलं का तुले वाटलं?” बहुतेकांना वाटलेलं असायचं. खोटेपणाबद्दल त्यांचं एक वेगळंच मत होतं. त्या म्हणत, “मानूस खोटं बोलत नाई व. त्याले घाई राह्यते. घाईच खोटं बोलते.” आणि वावरातली माती हातात घेतली की हमखास म्हणत, “हिले तोंड नाई, म्हनून आपन हिच्या नावानं काईबी सांगतो.”

या संशयाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, वलगावला माती आणायला गेलो होतो तेव्हा. त्या शाळेत असताना त्यांच्या वडिलांनी वावराची माती तपासायला दिली होती. थैलीचं तोंड आईने जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलं होतं. महिन्याभराने कागद आला. त्यावर सगळे आकडे, कुठलं खत किती द्यायचं, खाली सही आणि शिक्का. वडिलांनी त्याप्रमाणे खत दिलं आणि त्या वर्षी कपाशी नुसती पाल्यावर गेली, बोंडं धरलीच नाहीत. पुढच्या वर्षी बापलेक पुन्हा माती घेऊन गेले, तर कोपऱ्यातल्या ढिगात त्यांची जुनी थैली तशीच पडलेली. काठाची गाठ आईने मारलेलीच होती. मॅडम एवढं सांगून थांबल्या आणि खुरप्याने माती काढू लागल्या. मी थैलीचं तोंड उघडून धरलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण मॅडम सापळेही लावायच्या. प्रयोगशाळेत काचसामान धुणारे सुखदेवभाऊ होते, बावीस वर्षांपासूनचे. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सावध केलं. माझ्या आधीच्या एका विद्यार्थ्याच्या नमुन्यांमध्ये मॅडमनी नुसत्या पाण्याची एक बाटली ठेवून दिली होती, वर बाकीच्यांसारखाच नंबर. त्याने त्या पाण्यातसुद्धा शेतात असावं तेवढं फॉस्फरस काढून दाखवलं. मॅडमनी त्याला पाण्याचा पेला भरून दिला, पी म्हणाल्या, आणि दुसरा मार्गदर्शक शोधायला सांगितलं. सुखदेवभाऊ म्हणाले, “ताई, इथं बाटलीवरबी भरोसा नका ठेवू. बाटलीबी मॅडमची मानूस राहू शकते.” मी हसले, पण ते वाक्य डोक्यात जाऊन बसलं.

माझं काम तसं सरळ होतं. शेतकरी कपाशीला युरिया देतो. मातीत त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. हे नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं, विहिरीत जातं, आणि झाडाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. अमोनियाचं नायट्राइट करतात ते मातीतले ठरावीक जीवाणू, असं आमच्या पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं आणि मी ते परीक्षेत चारदा लिहून मार्क मिळवले होते. त्या जीवाणूंना आवर घालता आला तर खत मातीत टिकेल. म्हणून आठ बाटल्या. प्रत्येकीत अमोनियाचं द्रावण आणि मॅडमच्या वावरातली चिमूटभर काळी माती. चार तशाच ठेवायच्या आणि चारांमध्ये जीवाणू मारणारं अँटिबायोटिक घालायचं. सगळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवून दर सोमवारी प्रत्येकीतलं थोडं पाणी काढायचं आणि त्यात तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे. नायट्राइट झालं असेल तर पाणी गुलाबी होतं. औषधाच्या बाटल्यांत ते होता कामा नये. कामगारच मेले तर कारखाना चालवणार कोण?

पहिल्या सोमवारी औषधाच्या चारही बाटल्यांतलं पाणी फिकट गुलाबी झालं.

मी पुन्हा थेंब टाकले. पुन्हा गुलाबी. मग एकदम डोक्यात उजेड पडला, निदान मला तेव्हा तो उजेड वाटला. हा सापळा आहे. कपाटाची दुसरी चावी मॅडमकडे होती. माझ्या मागे त्यांनी औषधाच्या बाटल्यांत चिमूटभर नायट्राइट टाकलं असणार, आणि आता मी काय करते ते त्या बघत असणार. मी घाबरून धावत गेले तर म्हणतील, साधं द्रावण करता येत नाही. मी मनाशी म्हटलं, मॅडम, तुम्ही वलगावच्या असाल, पण मी वकिलाची मुलगी आहे. तुमची भेसळ वगळून जे निघालं असतं तेच लिहीन. आणि रजिस्टरमध्ये, जे पेनानेच लिहायचं असा त्यांचा नियम होता, मी चारही बाटल्यांपुढे लिहिलं, ‘रंग नाही’.

दुसऱ्या सोमवारी गुलाबी थोडा गडद. रंग नाही. तिसऱ्या सोमवारी आणखी गडद. रंग नाही. दर वेळी मी मागे वळून दाराकडे बघायचे. त्या तीन आठवड्यांत मॅडम काहीच बोलल्या नाहीत, त्यामुळे माझी खात्रीच पटत गेली. मी डाव जिंकते आहे असं मला वाटत होतं.

चौथ्या सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दुसऱ्या आठ बाटल्या होत्या. माझ्याबरोबरच, त्याच मातीच्या, त्यांनी स्वतःही आठ बाटल्या भरून केबिनच्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. त्या तोवर उघडल्याही नव्हत्या. त्यांनी माझ्यासमोर थेंब टाकले. औषधाच्या चारही गुलाबी झाल्या. मग त्यांनी माझं रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं.

“हे तुनंच लिवलं ना?”

मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, काहून? खोटं सांगायला सवड होती, सुचतही होतं. पण समोर त्या गुलाबी बाटल्या होत्या. मी खरं तेच बोलून गेले. “मला वाटलं, त्यात तुम्हीच काहीतरी घातलंत. मला पकडायला.”

 मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माझी पीएच.डी. त्या खोलीत संपली आहे हे मी मनात मान्य करून टाकलं होतं. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळवही सुरू झाली होती. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हंजे हे खोटं निम्मं माह्यं हाय.” मग रजिस्टरमधल्या त्या तिन्ही सोमवारच्या नोंदींवर त्यांनी मला एकेक सरळ रेघ मारायला लावली, अशी की खालचं लिहिलेलं वाचता येईल. बाजूला माझ्या हाताने लिहायला लावलं, ‘रंग आला होता. मी खोटं लिहिलं.’ खाली माझी सही, आणि त्याखाली त्यांचीही. पान फाडायचं नाही, नवं रजिस्टर घालायचं नाही. उद्या नऊ वाजता ये, म्हणाल्या.

विद्यार्थ्यांना सापळे लावणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. संशय मात्र बंद केला नाही, तो आता त्या बाटल्यांकडे वळला, आणि पुढचे चार महिने आमच्या प्रयोगशाळेचं पोलीस ठाणं झालं. पहिला आरोपी अँटिबायोटिक. जुनं असेल, मेलेलं असेल. नवं मागवलं, दुप्पट घातलं, गुलाबी. दुसरा आरोपी पाणी. नुसत्या पाण्यात थेंब टाकले, रंग नाही. तिसरे आरोपी सुखदेवभाऊ, बाटल्या नीट धुतल्या नसतील म्हणून. ते असे रुसले की दोन दिवस त्यांनी मॅडमसमोर खुर्ची मांडून, त्यांना दाखवत दाखवत एकेक बाटली धुतली; तरी गुलाबी. चौथी आरोपी प्रयोगशाळेची हवा. म्हणून बाटल्यांचा एक संच मॅडमच्या घरी देवघराच्या खालच्या कपाटात गेला. देवापुढे कोण लबाडी करतं, म्हणाल्या, आणि त्या कपाटालाही कुलूप लावलं. देवघरातल्या बाटल्याही गुलाबी झाल्या. शेवटी माती प्रेशरमध्ये उकळून, सगळं जिवंत मारून बाटल्यांत घातली. तेव्हा मात्र रंग आला नाही. मॅडम टेबलावर हात ठेवून म्हणाल्या, “म्हंजे जे हाय ते जितं हाय, अन् आपल्या औषधाले मोजत नाई.”

कोण आहे ते आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येण्यासारखं नव्हतं. डीएनए तपासायला नमुने दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाठवावे लागले. मॅडमनी त्यात नुसत्या पाण्याची एक नळी घातलीच. मी बघितलं, तर म्हणाल्या, पोरांसाठी सोडलं, लोकांसाठी नाही. रिपोर्ट आला. पाण्याच्या नळीपुढे लिहिलं होतं, काहीही सापडलं नाही. त्या एका ओळीवर मॅडमनी सबंध रिपोर्ट खरा मानला. पाण्याला पाणी म्हणतो, म्हणजे माणूस बरा आहे, हा त्यांचा निवाडा.

बाकीच्या नळ्यांमध्ये सापडले होते आर्किया. दिसायला जीवाणूंसारखे, पण जीवाणू नव्हेत, वेगळंच घराणं. जीवाणूंच्या ज्या अवयवांवर आमचं औषध घाव घालतं, ते यांच्यात वेगळ्याच घडणीचे असतात. मग मी वाचायला बसले आणि लाजेने काळीठिक्कर पडले. हे काही आमचं संशोधन नव्हतं. अमोनियावर जगणारे आर्किया जगाला आधीच सापडलेले होते. किती तरी जमिनींत त्यांची संख्या जीवाणूंपेक्षा जास्त निघाली होती. महासागरात, जिथे उजेड पोचत नाही अशा खोल पाण्यात, ते अगणित आहेत, आणि आपल्या हाती लागणार नाही इतक्या थोड्या अमोनियावर सावकाश जगतात. आमच्या पाठ्यपुस्तकाला पत्ता नव्हता, आणि आम्ही पाठ्यपुस्तकापलीकडे वाचलं नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्यांनी समुद्राचं ते पान माझ्या हातून घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, समुद्रात जे आहे तेच आपल्या वलगावच्या वावरात? मी म्हटलं, तेच नाही, पण त्याच घराण्यातलं. त्या मान हलवत राहिल्या. आयुष्यभर त्या वावरात जाऊन आल्या होत्या आणि त्यांना वगळून तिथे कुणीतरी कारभार चालवला होता. त्यांना अपमान वाटला की आनंद झाला, मला कळलं नाही. मला एवढंच कळलं की पहिल्या सोमवारपासून बाटल्या खरं सांगत होत्या आणि त्या खोलीत खोटं फक्त माझं पेन बोललं होतं.

प्रबंध पूर्ण झाला. तोंडी परीक्षेच्या आदल्या रविवारी अमरावतीला घरी गेले तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी वकिली सल्ला दिला, विचारल्याशिवाय सांगू नये. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलंच. बारीक माणूस, रजिस्टर चाळता चाळता त्या पानावर थांबले. ही रेघ कशाची, म्हणाले. खोलीत विभागातली सगळी मंडळी बसली होती. मी मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, सापळ्याच्या संशयासकट. मला स्वतःचा भयंकर राग येत होता.

परीक्षकांनी रजिस्टर मिटलं आणि मॅडमना विचारलं, हे माहीत असून तुम्ही या मुलीच्या बाकीच्या आकड्यांची हमी देता?

मॅडम उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, “सर, माह्या हाताखालून लय पोट्टे गेले. हे एकटीच हाय जिचं खोटं मले माईत हाय. बाकीच्याइचं मले माईत नाई.”

परीक्षकांनी सही केली.

मॅडम निवृत्त होऊन वलगावला राहायला गेल्या. मी अमरावतीच्या एका माती तपासणी प्रयोगशाळेत लागले. मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे, त्या माझ्याकडून भाकरी आणि ठेचा संपवून घ्यायच्या आणि माझ्या कामात खोट काढायच्या. मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला. आईला रक्ताचा कर्करोग निघाला होता. तीन गावांत तपासण्या झाल्या, तिन्ही रिपोर्ट सारखे, पण आई एकही मानायला तयार नाही. औषध घेत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ जातो आहे. मग तो थोडा अडखळला आणि म्हणाला, “आई म्हनते, वकिलाच्या पोरीनं सांगतलं तं मानीन.”

मला मातीतलं कळतं, रक्तातलं काही कळत नाही. तसं मी प्रशांतला म्हणालेही. पण पुढच्या दोन दिवसांत मी त्या तिन्हींपैकी एका प्रयोगशाळेत गेले, हात जोडून मॅडमच्या रक्ताची काचपट्टी बघायला मागितली, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातून बोटाने दाखवत समजावलं ते समजून घेतलं. चूक असावी म्हणून मी तीनदा नाव जुळवून बघितलं. नाव बरोबर होतं.

वलगावला पोचले तर प्रशांत फाटकाशीच उभा होता. ताई, थोडं कमी करून सांगा, म्हणाला. नुसतं शंका आहे म्हणा, आई उमेदीने औषध घेईल. त्याचे डोळे रडून सुजले होते. मला त्याचं म्हणणं पटलं. खरंच पटलं. अंगण ओलांडून आत जाईपर्यंत मी मनात ते वाक्य तयारही केलं.

मॅडम पलंगावर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. त्यांनी कशी आहेस विचारलं नाही. माझ्या हातातल्या रिपोर्टकडेही बघितलं नाही, माझ्याकडे बघत राहिल्या.

“खरं हाय का व?”

मी म्हटलं, “हो मॅडम. मी बघून आले. खरं आहे.”

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मी ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारला नाही. फक्त माझा हात घट्ट धरला आणि प्रशांतला हाक मारून औषध आणायला सांगितलं. मी त्यांच्या शेजारी बसून रडले आणि त्यांनी मला रडू दिलं. त्यानंतर त्या सात महिने जगल्या.